सुई ज्याची त्याची, पाणी मात्र दोघांचं

ही केस डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठीच्या केंद्रात काम करतो मी. नव्या सिरिंज द्यायच्या, वापरलेल्या जाड डब्यात परत घ्यायच्या, गळवं धुवून ड्रेसिंग करायचं, टेस्ट करायच्या. आमच्याकडे बरीच वर्षं येणारा एक जण आहे, शिस्तीचा माणूस, टेस्ट कधी चुकवत नाही, दुसऱ्याच्या सुईला हात लावत नाही. त्याची हिपॅटायटिस सीची (रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार) रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली. आधीची निगेटिव्ह होती. ही टेस्ट अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं दाखवते, आजार बरा झाला तरी ती पॉझिटिव्हच राहते, म्हणून विषाणू आत्ता रक्तात आहे का ते सांगणारी आरएनए टेस्ट केली. विषाणू सापडला.

"दादा, आईशप्पथ, कुणाची सुई नाही लावली." हेच परत परत. आमच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मला हे वाक्य सहन होत नाही, आपल्याला उत्तर सापडलं नाही की समोरचा खोटा!

मी टेबलावर नवी सिरिंज, चमचा, कापूस आणि साधं पाणी ठेवलं आणि म्हटलं, तू आणि तुझा मित्र कसं करता ते मला दाखव, हात जसे चालतात तसे चालू देत. त्याने दाखवलं. पाण्याचा पेला एक, नशा पाण्यात विरघळवायचा चमचा एक, ती गाळून सिरिंजमध्ये ओढायला कापसाचा बोळा एक. सिरिंज मात्र ज्याची त्याची. मग मी विचारलं, मित्राची सिरिंज नवी असते का? तर म्हणाला, त्याची स्वतःचीच असते ना, कालची.

कालची! तीच सुई आधी पेल्यात, मग चमच्यात. धुतलेली दिसली तरी आत रक्ताचा अंश राहतो. सुई काढता येते अशा सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही टोकाशी साधारण 80 मायक्रोलिटर, म्हणजे दीडेक थेंब उरतं, सुई जोडूनच येणाऱ्या छोट्या सिरिंजमध्ये जेमतेम 2. आणि हा विषाणू चिवट, प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. म्हणजे ह्याने मित्राची सुई कधीच लावली नाही, मित्राने वापरलेलं पाणी मात्र रोज घेतलं. माणूस अगदी खरं बोलत होता.

आता मित्र कालची सिरिंज का वापरतो? कारण जुनी आणेल तेवढ्याच नव्या मिळतात, आणि जुन्या खिशात घेऊन फिरायची त्याला पोलिसांमुळे भीती वाटते. रजिस्टरमध्ये सिरिंजचा रकाना आहे, चमच्याचा, फिल्टरचा, निर्जंतुक पाण्याच्या छोट्या अँप्युलचा नाही, आणि ज्याला रकाना नाही ते खरेदीत येत नाही. वरच्या मीटिंगमध्ये "सिरिंजचं टार्गेट पूर्ण" म्हणून कौतुक होतं तेव्हा मला राग येतो, खरंच येतो. 'सुई शेअर करू नका' हे पोस्टर भिंतीभर आहे, आणि ह्या माणसाने ते शब्दशः पाळलं होतं.

औषध आहे ही मोठी गोष्ट. रोज गोळ्या, बहुतेकांना 12 आठवडे, 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. पण ज्या डॉक्टरांकडे पाठवलं ते म्हणाले, आधी नशा सोडू दे. असं अडवायला आधार नाही, जागतिक आरोग्य संघटनाही नशा चालू असलेल्यांना उपचार द्या असंच सांगते, आणि जो बरा होतो तो पुढे कुणाला देत नाही हा साधा हिशोब आहे. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, गोळ्या सुरू झाल्या. ब्युप्रेनॉर्फिनबद्दल (अफूवर्गीय नशेची तलफ भागवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी) पण बोललो, टोचणंच कमी झालं तर धोकाही कमी होतो, विचार करतो म्हणाला.

प्रश्न मित्राचा आहे. हा आजार एकदा बरा झाला तरी परत होऊ शकतो, त्यामुळे दोघांची तपासणी आणि गरज असेल तर दोघांचे उपचार एकत्र व्हायला हवेत. मित्र अजून आलेला नाही. तोवर मी दोन वेगळे चमचे रंगीत टेप लावून दिलेत, नशेची वाटणी करायची असेल तर फक्त नव्या सिरिंजनेच हे करून दाखवलंय, आणि मित्राच्या वाटच्या नव्या सिरिंज जुन्या न मागता ह्याच्याच हाती देतोय. तसं करायची परवानगी लेखी मागितलीये, उत्तर अजून नाही, मी देणं थांबवलेलं नाही.