तोक्योत ओव्हरटाइम कसा मोजतात, आणि मुंबईत त्यातलं काय चालेल

जपान म्हणजे कामाने माणूस मरतो तो देश, ही आपल्याकडची समजूत खोटी नाही. म्हणूनच जपानचा कायदा ओव्हरटाइमवर डोळ्यात तेल घालून बसलेला असतो. मुंबईत टीम किंवा एचआर सांभाळणाऱ्यांना, तसंच जपानमधल्या नोकरीचा विचार करणाऱ्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 तास ही मूळ मर्यादा. त्यापुढे काम करवून घ्यायचं तर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीशी लेखी करार करून तो लेबर ऑफिसात आधी दाखल करावा लागतो. एरवी महिन्याला 45 आणि वर्षाला 360 तासांची कमाल मर्यादा. खास अडचणीच्या काळात वर्षाला 720 पर्यंत जाता येतं, पण 45 ची रेघ वर्षातून सहाच महिने ओलांडायची. शिवाय साप्ताहिक सुट्टीचं काम धरून एका महिन्यात 100 च्या आतच राहायचं आणि लागोपाठच्या 2 ते 6 महिन्यांची सरासरी 80 च्या वर जाऊ द्यायची नाही. घोळ इथेच होतो. कायद्याने ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीला केलेल्या कामाचे तास 45 मध्ये धरत नाहीत, 100 आणि 80 मध्ये धरतात. एका महिन्यात 95 झाले, तर पुढच्या महिन्यात 65 वर थांबावं लागतं. एक्सेलमध्ये दोन्हींसाठी एकच रकाना ठेवणारा हमखास अडकतो.

पैशाचा हिशोब सोपा आहे. तासाचा दर 2,000 येन असेल तर ओव्हरटाइमला 2,500, महिन्यातल्या 60 तासांनंतर 3,000. रात्री 10 ते पहाटे 5 मध्ये आणखी 25 टक्के. रोजची दहा-पंधरा मिनिटं कापता येत नाहीत. मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची. ऑफर लेटरमध्ये ‘पगारात 30 तासांचा ओव्हरटाइम धरला आहे’ असं असेल तर मूळ पगार किती, हे आधी विचारा. एकतिसाव्या तासाचे पैसे वेगळे मिळायलाच हवेत.

नुसत्या पंचिंगवर जपानमधल्या बऱ्याच कंपन्या विसंबत नाहीत. कार्डाची वेळ आणि कॉम्प्युटर चालू-बंद झाल्याची नोंद शेजारी ठेवतात. अर्ध्या तासाहून जास्त फरक दिसला की बऱ्याच कंपन्या कारण लिहून मागतात. मुंबईत याची गरज जास्त आहे. बायोमेट्रिकवर साडेसहाला बोट ठेवून निघालेला माणूस जेवण आटोपून डोंबिवलीच्या घरी पुन्हा लॅपटॉप उघडतो, आणि ते तास मस्टरवर कधीच येत नाहीत. घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या व्हीपीएनच्या लॉगमध्ये मात्र ते असतात. आठवड्यातून एकदा दोन्ही याद्या जुळवल्या तरी पुरे.

दुसरी सवय पूर्वपरवानगीची. थांबायचं असेल तर दुपारीच काम आणि अंदाजे तास कळवायचे, वरिष्ठाने होकार द्यायचा किंवा काम दुसऱ्याकडे वळवायचं. महिनाअखेरीला एकगठ्ठा सह्या झाल्या तर त्या परवानगीला अर्थ नाही.

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तिमाहीला 125 तासांची मर्यादा आणि दुप्पट दर ठरवला. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 144 करायला मंजुरी दिली, म्हणून आपल्या ऑफिसला आज काय लागू आहे ते लेबर कन्सल्टंटकडून पक्कं करून घ्या. तेरा आठवड्यांत 125 म्हणजे आठवड्याला साडेनऊच्या आसपास, 144 म्हणजे अकराच्या आसपास. सहाव्या आठवड्याअखेर एखाद्याचे 70 झाले असतील तर काम तेव्हाच वाटून द्यायला हवं. बाराव्या आठवड्यात रिपोर्ट पाहून हाती काही लागत नाही. मॅनेजर मंडळींना हा कायदा लागू नाही, पण व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापल्याने कारकुनी काम करणारा मॅनेजर होत नाही. जपानमध्ये तर खऱ्याखुऱ्या मॅनेजरचेही तास 2019 पासून नोंदवावेच लागतात, तब्येतीसाठी.

क्लायंट जपानी असेल तर आणखी एक. तोक्योचे सकाळचे 9 म्हणजे मुंबईचे पहाटे 5:30, आणि तिथले संध्याकाळचे 6 म्हणजे आपले दुपारचे 2:30. टीमला दहाला बोलावून पहाटेच्या कॉलचे तास वर चढवण्यापेक्षा तीन-चार जणांची शिफ्टच पहाटे साडेपाचपासून लावा. घरून लॉगिन करू दिलं तर पहिल्या लोकलचीही वाट पाहावी लागत नाही.