तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटो अजून का शिकवता?

परवा दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडं असतानाच पुन्हा तो प्रश्न आला: लोकशाहीला नावं ठेवणारा प्लेटो तुम्ही अजून शिकवता कशाला?

माझं ठरलेलं उत्तर आहे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष प्यायला लावलं ते राजाने नव्हे, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेकडो नागरिकांनी. मग त्याच्या शिष्याने, प्लेटोने, काय लोकशाहीच्या आरत्या ओवाळायच्या? पंधरा वर्षं हे उत्तर पुरलं.

मग तो तास. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादरूपी ग्रंथाचं आठवं पुस्तक, स्वातंत्र्याची हाव सुटलेल्या नगराचं वर्णन. बाप मुलाला घाबरतो, गुरुजी शिष्यांची मर्जी राखतात, विकत घेतलेला दास मालकाइतकाच मोकळा. गाढवं-घोडीसुद्धा रुबाबात रस्त्याने चालतात आणि बाजूला न होणाऱ्याला धडकतात. हे मी साभिनय वाचायचे. वर्ग हसायचा, त्या दिवशीही हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तास संपल्यावर टेबलापाशी आला.

"मॅडम, समोरून कुणी आलं की माझ्या पणजोबांना वाट सोडून खाली उतरावं लागायचं. इथं गाढव वाट सोडत नाही, यात हसण्यासारखं काय आहे?"

मी बोलले. भरपूर बोलले. काळाचा संदर्भ, उपहास, अथेन्समधली गुलामी. तो मान डोलावत राहिला, "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि गेला. त्याला उत्तर नकोच होतं, हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं. आणि तो उतारा मला इतका का आवडतो, तेही. मतदानाच्या रांगेतल्या काही माणसांबद्दल मला जे वाटायचं आणि उघड बोलता यायचं नाही, ते प्लेटो माझ्या वतीने बोलायचा. वर ते अभिजातही ठरायचं.

मग सोडत का नाही? कारण त्याच पुस्तकातला तो लोकशाही माणूस. आज मद्य आणि बासरी, उद्या नुसतं पाणी आणि वजन उतरवणं, कधी व्यायाम, कधी लोळणं, मधेच तत्त्वज्ञान. सगळ्या इच्छा सारख्याच, प्रत्येकीला पाळी. हे माझं जानेवारीचं वेळापत्रक आहे. त्याला खोटं पाडणं मला अजून जमलेलं नाही.

आणखी एक, जे मी त्या पंधरा वर्षांत वर्गात एकदाही सांगितलं नाही. हा सगळा संवाद अथेन्सच्या पिरियस बंदरात, चर्चेत भाग घेणाऱ्या पोलेमार्कसच्या घरी घडतो. इ. स. पू. ४०४ मध्ये लोकशाही उलथवून तीस जण सत्तेवर आले आणि त्यांनी याच पोलेमार्कसला खटला न चालवता विष दिलं. त्यांचा म्होरक्या क्रितियास प्लेटोच्या आईच्या नात्यातला. हे घर निवडताना प्लेटोला ते ठाऊक होतंच. म्हणजे तो लोकशाहीविरोधी नव्हता? होता की. हे घर दाखवून त्याला सोडवणं ही माझीच नवी पळवाटही असेल.

गेल्या आठवड्यात तेच पान आलं. अभिनय केला नाही, सपाट वाचलं. गाढवांपाशी वर्ग हसलाच.