'डी' म्हणजे पास, पण कुठे?
आजची संध्याकाळ कॅलिफोर्नियातल्या आठवीच्या मुलांच्या, म्हणजे पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणाऱ्यांच्या, कोर्स-निवडीच्या फॉर्मांत गेली. घोळ नेहमीचाच: हायस्कूल पास होणं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (यूसी) अर्ज करण्याइतकं पात्र होणं, या दोन वेगळ्या याद्या आहेत. राज्याच्या किमान नियमात गणिताची 2 आणि इंग्रजीची 3 वर्षं. यूसीला गणित 3 (भूमितीसकट), इंग्रजी 4, एकूण 15 वर्षभराचे कोर्स हवेत, त्यातले 11 बारावी सुरू होण्याआधी. स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टची (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची) यादी आणखी तिसरीच; ती आधी मागून घ्या.

खरी ठेच लागते ती 'डी' ग्रेडला. शाळा क्रेडिट देते, यूसी तो कोर्स धरत नाही. तिथे 'सी' लागतोच. गणितात नि परभाषेत (म्हणजे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत) पुढच्या सत्रात सी आला तर मागच्या सत्राची अट भागते. इंग्रजी-इतिहासात ही सोय नाही, कोर्स पुन्हा करावा लागतो, बहुतेकदा उन्हाळ्यात.

यूसीच्या यादीतल्या कलेच्या कोर्सला एक सत्र चित्रकला नि एक नाटक चालत नाही, वर्षभर एकच कला.

आणि हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही: सहावी-सातवी मराठी माध्यमात करून आलेल्या मुलाची परभाषेची 2 वर्षांची अट त्यावर भागू शकते. गुणपत्रकं तेवढी सोबत हवीत.