भोवऱ्यातला किल्ला

आज जपानच्या सेतो समुद्रात नोशिमा बेट बोटीतून पाहिलं. परीघ किलोमीटरभरही नाही, पण भोवती पाणी असं खवळतं की इंजिनाची बोटही तिरकी सरकायला लागली. ओहोटीला काठच्या खडकात गोल खड्डे उघडे पडतात, नावा बांधायच्या खांबांचे. त्या खड्ड्यांवरून माझी नजर हलेना.

हा मुराकामी या दर्यावर्दी घराण्याचा गड. नोशिमा, कुरुशिमा, इन्नोशिमा अशा तीन शाखा. लोक त्यांना चाचे म्हणायचे, पण धंदा रीतसर: जकात भरा, 'कामि' अक्षराचं निशाण लावा आणि बिनघोर जा. (आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे जहाजांचा परवाना होता, त्याचाच हा भाऊ!) १५७६ मध्ये त्यांनी पश्चिम जपानातल्या मोरी घराण्याच्या बाजूने ओसाकाजवळ त्यांचा शत्रू, सरदार ओदा नोबुनागाचं आरमार आगीच्या गोळ्यांनी जाळलं. १५७८ मध्ये मात्र नोबुनागाने लोखंडी पत्र्याची जहाजं आणली आणि मोरींचं आरमार मागे हटलं. पुढे १५८८ मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने चाचेगिरीवरच बंदी घातली.

कुरुशिमावाल्यांचं तर फारच वाईट वाटलं. १६०१ मध्ये त्यांना जहागीर मिळाली ती क्युशू बेटाच्या डोंगरात. मुख्य ठाण्याजवळ समुद्र औषधालाही नाही.

शर्ट अजून खारट आहे.