भाच्यासाठी पुस्तक

मुलांना पुस्तक द्यायचं तर आधी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी बघ, असं मी वहिनीला सांगते. २०११ला मराठीत दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. कळव्याच्या भाच्याच्या अंगात तो बोक्या असा शिरलाय की सोसायटीतल्या काकूंनी धसकाच घेतलाय! २०२२ची संगीता बर्वेंची ‘पियूची वही’ त्याने ‘मुलींचं पुस्तक’ म्हणून ढकलली. मग मीच लोकलमध्ये वाचली. २०१४ला मात्र माधुरी पुरंदरेंना एका पुस्तकासाठी नव्हे, एकूण बालसाहित्यासाठी गौरवलं, ते मला सगळ्यांत पटलं. वहिनीची थोरली दहावीत. तिला यादीबिदी नको, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ सालचं, बरं का) सोडा. निवडेल तिची ती.