२५१५ ला बाहेरच्या बनावटीचं इनटेक मॅनिफोल्ड आणि भोसरीतलं फेसिंग

इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा भाग, बसवायला एक दिवससुद्धा लागला नाही. गाडी उभी राहिली ती फेसिंगसाठी, म्हणजे त्याची बसायची बाजू मशिनवर सपाट करून घेण्यासाठी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

गाडी टाटा २५१५, इंजिन कमिन्सचं सिक्स-बीटी, ५.९ लिटर, टर्बोवालं. माल भरून खंबाटकी चढताना काळा धूर सोडायची, शिट्टी वाजायची आणि पिकअप पार बसलेला. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात आमच्या मिस्त्रींनी बघितलं, तर मॅनिफोल्डच्या वरच्या कव्हरला पाईपच्या तोंडाजवळ तडा. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर जायची, डिझेल मात्र तेवढंच पडायचं, म्हणून धूर.

या इंजिनात मॅनिफोल्डचा तळ सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. बदलायचं असतं ते वरचं अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर. त्यामुळे हेड उतरवायला लागेल असं कोणी सांगितलं तर दुसरा मिस्त्री बघा.

नाना पेठेत बाहेरच्या बनावटीचं, म्हणजे कंपनीचं नसलेलं, कव्हर मिळालं. ओतकाम जाड, तोंड ऐसपैस. पण मिस्त्रींनी फेसवर, म्हणजे बसायच्या बाजूवर, सरळ पट्टी धरली, तर मधोमध फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती आरामात आत. दुकानात दुसरा नग मागितला, तोही तसाच. मिस्त्री म्हणाले, ‘‘दादा, माल चांगलाय, फक्त फेसिंग मारून आणा.’’

इथून खरी कथा सुरू होते. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. मिलिंग मशिन दाराशीच दिसत होतं. मालक म्हणाले, ‘‘टाकून जा, संध्याकाळी घेऊन जा.’’ संध्याकाळी गेलो, तर कव्हर ठेवलं होतं त्याच जागी, त्याच पिशवीत. एका मोठ्या कंपनीच्या वेंडरची लॉट लागली होती. सेटिंग मोडलं तर त्यांची लॉट बिघडते, हे मलाही कळतं. मग ते सकाळीच सांगायचं होतं! दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आला नाही. त्यानंतर गुरुवार, म्हणजे लाईट नाही. फोन केला की एकच उत्तर, ‘‘भाऊ, उद्या नक्की.’’ गाडी उभी, ड्रायव्हर बसून, बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही, आणि चाकणची पार्टी विचारतेय गाडी कधी लावता. शेवटी मी दुकानातच स्टूल ओढून बसलो आणि कव्हर मशिनवर चढल्याशिवाय उठणार नाही असं शांतपणे सांगितलं. चढलं. माझा चहा संपेपर्यंत फेसिंग झालं. एवढ्याशा कामासाठी माझा आठवडा खाल्ला. मजुरीबद्दल तक्रार नाही, काम सुबक केलं. तक्रार त्या ‘संध्याकाळी’ची आहे. वेळ नाही म्हणाले असते तर मी शेजारच्या गल्लीत गेलो असतो.

म्हणून सांगतो, ‘टाकून जा’ म्हणणाऱ्याकडे नग टाकू नका. मशिन आत्ता मोकळं आहे का, एवढंच विचारा. आणि फेसिंग झालेलं कव्हर हातात येईपर्यंत जुनं कव्हर उतरवू नका. आमच्या मिस्त्रींनी ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं, म्हणून इंजिनात धूळ गेली नाही.

या काळात बरेच जण सांगून गेले की दोन गॅसकेट टाका, सिलिकॉन थापा, चालून जाईल. नाही चालत. दाबाने आत आलेलं सिलिकॉन सुटलं की थेट व्हॉल्व्हवर जातं. गॅसकेट एकच, नवी, कोरडी.

फिटिंगमध्ये नोझलचे, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे, पाईप आधी काढावे लागतात, ते कव्हरच्या वरूनच जातात. उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावा. जुनी गॅसकेट खरवडताना हेडच्या पोकळीत स्वच्छ कापड भरून ठेवा, आणि शेवटी ते आठवणीने काढा. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत, २४ न्यूटन-मीटर. हेडमध्ये आटे आहेत, अंदाजाने पाना ओढू नका. पाईप जोडल्यावर नोझलकडचे नट सैल ठेवून सेल्फ मारा, बुडबुडे थांबून डिझेल आलं की आवळा.

लीक बघायचा तर नुसतं इंजिन चालू करून कळत नाही, आयडलला, म्हणजे रेस न देता, टर्बोचा दाबच नसतो. टर्बोचा पाईप बंद करून कॉम्प्रेसरने साधारण १ बार हवा भरा आणि कडेने साबणाचा फेस लावा. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, थोडी हवा येते, ती नेहमीचीच. आमच्या कव्हरच्या कडेला एकही बुडबुडा आला नाही. मिस्त्रींनी पुन्हा पुन्हा फेस लावून बघितलं, मीही बघितलं.

एक वर लिहायचं राहिलं. कव्हरच्या काही बोल्टांची भोकं हेडच्या पोकळीत आरपार जातात. त्या बोल्टांच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावा, नाहीतर गॅसकेट पक्की असूनही हवा आट्यांतून वर येते.