वैजयंता जाधवच्या केसेस: माझा अनुभव

कोल्हापुरातली खासगी गुप्तहेर बाई, तिच्या केसेस आणि त्याच पानांवर तिचं शरीरसुख, अशी कादंबरी-मालिका मराठीत लिहायची असं मी ठरवलं, तेव्हा रहस्याची मला फारशी काळजी नव्हती. वकिलांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं टायपिंग केलं आहे. घटस्फोटाचे दावे, पोटगीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मागे टाचलेली लॉजची बिलं रोज हाताखालून गेली. एकाही पक्षकाराची गोष्ट मी पुस्तकात घेतलेली नाही, पण माणूस कसा लपतो आणि कसा सापडतो हे तिथंच कळलं. काळजी होती ती दार बंद झाल्यानंतरच्या पानांची. आपल्याकडच्या रहस्यकथांत बाई बहुतेक वेळा प्रेत तरी असते, नाहीतर मोहात पाडणारी. तपास करणारी आणि इच्छा असणारी बाई एकच असावी, एवढा माझा हट्ट होता.

वैजयंता एक्केचाळीस वर्षांची, घटस्फोटित. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस. कोल्हापुरात पाळत ठेवणं मुंबईसारखं नसतं. शिवाजी पेठेतल्या गल्लीत अनोळखी बाईनं दुसरी फेरी मारली की कट्ट्यावरून प्रश्न येतोच, "कुणाकडं आलाय ताई?" त्यामुळं वैजयंता लपत नाही, कारण घेऊन जाते. फॉल-पिकोच्या साड्या, भिशीचे पैसे, कुणाच्या तरी मुलीसाठी स्थळ. स्थळाची चौकशी हा तर आपल्याकडं घराघरातला उद्योग. गुप्तहेर संस्थांचंही मोठं काम लग्नाआधीच्या चौकशीचंच असतं. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुष गुप्तहेराला जे घर उंबऱ्याबाहेरून दिसतं, ते वैजयंताला स्वयंपाकघरातून दिसतं. आणि मराठी बाई या धंद्यात टिकेल का, हा प्रश्न मुंबईच्या रजनी पंडित यांनी केव्हाच निकालात काढला आहे.

मग कायदा बघायला बसले. खासगी गुप्तहेरासाठी आपल्याकडं वेगळा परवानाच नाही. 2007 साली राज्यसभेत नियमनाचं विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे वैजयंताला पाटी लावायला कुणी अडवत नाही, पण तिला कसलाही जादा अधिकारही नाही. कुणाच्या फोनचे कॉल तपशील काढणं गुन्हा. परवानगीशिवाय घरात शिरणं गुन्हा. व्यभिचार 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा उरला नाही, पण हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून तो आजही आहे. म्हणून तर बायका-नवरे गुप्तहेराकडं येतात. मोबाइलमधला फोटो किंवा रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं प्रमाणपत्र लागतं. या अडचणी मला आवडल्या. नायिकेला सगळं करता आलं असतं तर कादंबरी पंधरा पानांत संपली असती.

एक गोष्ट मी पहिल्या पानाच्या आधी ठरवली. वैजयंता कुणालाही चोरून बघणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 प्रमाणं बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं, तिचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, आणि जुन्या कायद्यात जिथं 'पुरुष' असा शब्द होता तिथं आता 'जो कोणी' आहे, त्यामुळं बाईही त्यातून सुटत नाही. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. या प्रकारच्या कथांमध्ये गुप्तहेर खिडकीतून बघतो, त्याच्या खांद्यावरून वाचक बघतो, आणि आतल्या बाईला कुणीच विचारलेलं नसतं. तसलं पान मला लिहायचं नव्हतं. वैजयंता लॉजच्या बाहेरची गाडी टिपते, आत-बाहेर जायची वेळ टिपते, काउंटरवरच्या पोराशी गप्पा मारते आणि निघते. दाराआड काय झालं ते त्या दोघांचं. मालिकेत वाचकाला दाराआत नेणारं एकच माणूस आहे, ती स्वतः. तिला हवं तेव्हा आणि तिला हवं तेवढंच.

तिचा यशवंत शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना बनवणारा. विधुर. ओतीव निवताना आकसतं म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो, हे गणित त्याच्या बोटांत आहे. ते हात मला पहिल्यांदा दिसले, माणूस नंतर.

भाषेसाठी मी लावण्या मोठ्यानं वाचायला लागले. होनाजी बाळा, रामजोशी, पठ्ठे बापूराव. या सगळ्या पुरुषांनी बाईच्या तोंडून बाईची इच्छा किती मोकळेपणी लिहिली आहे! ती मागते, रुसते, वेळ झाला म्हणून बोलून दाखवते. मी त्यांच्याकडून हे मागणं घेतलं आणि अलंकार ठेवून दिले. अवयवांची नावं शक्यतो टाळली, क्रिया ठेवल्या: कोण आधी थांबलं, कुणी दिवा राहू दे म्हटलं, कुणाचा हात कुणी धरून पुढं नेला. शरीर लिहायचं म्हणजे एकमेकांना विचारणं आणि उत्तर देणं लिहायचं, हे जमलं तिथं पान आपोआप तापलं.

मालिकेची खरी गाठ दुसऱ्या पुस्तकात आली. केस सहसा पुस्तकाबरोबर मिटते, पुढच्या पुस्तकात पाटी कोरी. ओढीचं तसं होत नाही. पहिल्या पुस्तकातली रात्र दुसऱ्या पुस्तकात दोघांच्याही लक्षात असते, त्यामुळं तोच प्रसंग परत लिहिता येत नाही. मी ऑगस्ट 2019 चा महापूर घेतला. पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, शिरोलीजवळ वाहतूक काही दिवस बंद होती. वैजयंता नदीपलीकडं यशवंतच्या खोलीत अडकते. वीज नाही, खाली रस्त्यावर ट्रकांची रांग. दोघांना पहिल्यांदाच घाई नाही, आणि मी त्या रात्रीला एक अख्खं प्रकरण दिलं. पहाटेपर्यंत वैजयंता अधूनमधून गॅलरीत येऊन पाणी किती चढलं ते बघत राहते. समोर एक गोदाम आहे, शटरला बाहेरून कुलूप.

पुढं गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका व्यापाऱ्याच्या मृत्यूत संशयित सांगतो, त्या रात्री मी पुरामुळं त्याच गोदामात आत झोपलो होतो. ते खोटं आहे हे सांगू शकणारी एकटी वैजयंता. पण मग प्रतिज्ञापत्रात लिहायला हवं, त्या रात्री ती कुठं होती, कुणाच्या घरी, इतक्या अपरात्री गॅलरीत का जागी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रात्री कागदावर आणणाऱ्या बाईला स्वतःची रात्र कागदावर आणायची वेळ येते. मी अशी प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत. "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते की" एवढं लिहून झाल्यावर समोरची बाई पाण्याचा ग्लास मागते, ते मला माहीत आहे. हे प्रकरण लिहिताना मला कळलं की शृंगाराचा प्रसंग काढून टाकला तर खून उलगडत नाही. मला तेच हवं होतं.

प्रकाशकांनी मात्र नेमकं तेच काढायला सांगितलं. एकाला रहस्य आवडलं होतं, "ती प्रकरणं तेवढी कमी करा मॅडम, घराघरात जाईल." दुसऱ्याला ती प्रकरणं वाढवून हवी होती आणि मुखपृष्ठावर ओली साडी. दोघांनाही नमस्कार केला.

अश्लीलतेची भीती सगळ्यांनी घातली, म्हणून तेही वाचून काढलं. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 292, ते 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 294. ई-पुस्तकाला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 लागू शकतं. पण आपल्या भाषेचा इतिहासही आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक शिक्षणावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. चंद्रकांत काकोडकरांची 1962 च्या दिवाळी अंकातली कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1969 मध्ये ते निर्दोष सुटले. लेखन सुटं सुटं न वाचता संपूर्ण वाचून ठरवायचं, हे तिथलं म्हणणं मला फार आधार देऊन गेलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आजच्या समाजाच्या नजरेनं बघा असंही म्हटलं.

शेवटी ई-पुस्तक मीच काढलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, कागदपत्रं तेवढी नीट लागतात. थोड्या प्रती छापल्याही, मुखपृष्ठावर 'फक्त प्रौढांसाठी' असं स्पष्ट घालून. मुद्रितं तपासायला एक निवृत्त बाई होत्या. त्या सगळ्या प्रसंगांतून शांतपणे गेल्या, आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर केर्ली आधी की वाघबीळ, यावर माझ्याशी अर्धा तास बोलल्या. माझ्या जाऊबाईंनी दुसरं पुस्तक वाचून एवढंच विचारलं, "यशवंत लग्नाचं कधी काढणार गं?"

तिसरं पुस्तक सध्या त्याच प्रश्नावर आहे. 18 ऑगस्ट 2025 ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, गोदामाच्या केसचं अपील तिथं चालतंय, आणि उलटतपासणीतलं वैजयंताचं 'चारित्र्य' पुन्हा वाचलं जातंय. यशवंत म्हणतो, लग्न करू, लोकांची तोंडं बंद होतील. वैजयंताला तो हवा आहे, पण या कारणासाठी लग्न नको आहे. तिच्या नकारानंतरची रात्र मी लिहायला घेतली आहे.